स्पायरुलिनाची नीळ: फायकोसायनिन काढणं आणि त्याचा दाहशामक गुण नीट तपासणं

स्पायरुलिनाची हिरवी पावडर पाण्यात भिजत घातली की काही तासांत पाणी निळं होतं. ती नीळ म्हणजे फायकोसायनिन. प्रकाश गोळा करायला स्पायरुलिनासारखे नीलहरित जिवाणू हे प्रथिन वापरतात. १९९८ साली हवानातल्या संशोधकांनी त्याने उंदरांच्या पंजाची सूज उतरते असं दाखवलं. २००० साली हैदराबाद विद्यापीठ आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथल्या गटाने शुद्ध फायकोसायनिन कॉक्स-२ हे दाहाचं विकर निवडून अडवतं, आणि ५० टक्के अडवण्यासाठी १८० नॅनोमोलर पुरतं असं मांडलं. तेव्हापासून एम.एस्सी.च्या प्रकल्पांत हा विषय दरवर्षी असतो. नीळ काढण्यापर्यंत बहुतेकांचं बरं चालतं. गाडी अडते ती पुढे, दाहशामक चाचणीत, कारण तिथे निळा रंगच आकडा बिघडवतो. म्हणून इथे काढण्याइतकीच जागा तपासण्याला दिली आहे.

कच्चा माल

बाजारात ज्याला स्पायरुलिना म्हणतात त्याचं शास्त्रीय नाव आर्थ्रोस्पायरा. अलीकडच्या वर्गीकरणात लिम्नोस्पायरा. पावडर विकत घेताना ती कशी वाळवली हे विचारा. भर उन्हात किंवा ६० अंशांच्या वर वाळवलेल्या मालात प्रथिनाची टक्केवारी छान दिसते, पण नीळ मेलेली असते. घासाघीस करण्याआधी साधी परीक्षा घ्या: १ ग्रॅम पावडर २५ मिली थंड पाण्यात ढवळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरचं पाणी गडद निळं असेल आणि बाजूने टॉर्च मारल्यावर त्यात लालसर झाक चमकली, तर माल चांगला. पाणी निळसर करडं असेल आणि लाल झाक नसेल, तर तो माल सोडून द्या. ती झाक म्हणजे फायकोसायनिनची प्रतिदीप्ती. प्रथिनाची घडी मोडली की आधी ती जाते, निळेपणा नंतर विरतो.

स्वतः वाढवायचं असेल तर झारूकचं माध्यम घ्या. लिटरला सोडियम बायकार्बोनेट १६.८ ग्रॅम, सोडियम नायट्रेट २.५, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५, पोटॅशियम सल्फेट १, मीठ १, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, कॅल्शियम क्लोराइड ०.०४, फेरस सल्फेट ०.०१ आणि ईडीटीए ०.०८ ग्रॅम, वर सूक्ष्म मूलद्रव्यांचं द्रावण १ मिली. बायकार्बोनेट वेगळं गाळून निर्जंतुक करा. सगळं एकत्र ऑटोक्लेव्ह केलं तर पीएच चढतो आणि तळाशी पांढरा साका बसतो. तापमान ३० ते ३५ अंश. नीळ जास्त हवी असेल तर उजेड बेताचा ठेवा. प्रखर उजेडात पेशीला प्रकाश गोळा करायची गरजच कमी पडते. नायट्रेट संपू देऊ नका. नायट्रोजनची उपासमार झाली की पेशी आपलीच नीळ मोडून खाते आणि चार दिवसांत कल्चर पिवळं पडतं. कल्चर पिवळं दिसलं की लोक लोह वाढवतात, पण बहुतेक वेळा कमी पडलेला असतो नायट्रेट.

मूळ कल्चर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या नीलहरित शैवाल संग्रहासारख्या ठिकाणाहून घ्या. लोणारच्या पाण्यात आर्थ्रोस्पायरा आहे हे खरं, आणि तिथला नेहमीचा हिरवा रंग बराचसा अशाच नीलहरित जिवाणूंचा. (जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते मात्र मीठप्रेमी आर्कियांमुळे; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासलं होतं.) पण लोणार अभयारण्य आहे, नमुना घ्यायला वनखात्याची परवानगी लागते. शिवाय तळ्यातल्या मिश्र वाढीत मायक्रोसिस्टिन बनवणाऱ्या जाती असू शकतात. हे यकृताचं विष इतकं तीव्र की जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. जंगली माल थेट पेशींवरच्या चाचणीत घातला तर पेशी विषाने मरतील आणि तुम्ही दाह कमी झाला म्हणून लिहाल.

बफर: इथेच पहिली चूक होते

पेशी फोडायची सगळ्यात स्वस्त आणि सौम्य रीत म्हणजे गोठवणं आणि वितळवणं. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये त्यासाठी सोडियम फॉस्फेटचा बफर (पीएच धरून ठेवणारं द्रावण) लिहिलेला असतो. तो टाळा. सोडियम फॉस्फेट गोठताना त्यातलं डायसोडियम मीठ आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच ७ वरून ४ च्या आसपास कोसळतो. फायकोसायनिनला ५ ते ७ च्या बाहेरचा पीएच सोसत नाही, आणि ४ ते ५ च्या पट्ट्यात ते साक्यासारखं खाली बसतं. म्हणजे नीळ मिळवायच्या पायरीतच ती घालवल्यासारखं होतं. पोटॅशियम फॉस्फेटमध्ये हा घसरा फारसा होत नाही.

०.१ मोलर, पीएच ७ चा १ लिटर बफर: डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) १०.७ ग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५.२४ ग्रॅम, ९०० मिली पाण्यात विरघळवून पीएच बघा, मग लिटर भरा. डायपोटॅशियमची बाटली ओल धरते. खडे झाले असतील तर वजन खोटं येतं, तेव्हा पीएच मीटरवर विश्वास ठेवा, तराजूवर नाही.

काढणं

२ ग्रॅम पावडर ५० मिली थंड बफरमध्ये घाला. गुठळ्या होतात, म्हणून पावडर आधी ५ मिलीत कालवून घ्या, जसं पिठलं करताना बेसन कालवतो, आणि मग उरलेला बफर ओता. दोन तास ४ अंशांना भिजू द्या. कोरडी पेशी गोठवली तर आत पाणीच नसतं, मग बर्फ फोडणार काय?

मग उणे २० अंशांना चार तास किंवा रात्रभर ठेवा आणि ४ अंशांना, अंधारात, वितळू द्या. असे तीन ते चार फेरे करा. द्रव नायट्रोजनची घाई नको. सावकाश गोठवलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशीभित्ती तेच फाडतात. वितळवायला कोमट पाण्याची बादली वापरू नका: ४५ अंशांच्या वर नीळ झपाट्याने मरते, आणि बादलीतल्या पाण्याचं तापमान कुणी मोजत बसत नाही. सगळ्या बाटल्यांना अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

घाई असेल तर सोनिकेटर चालतो, पण बाटली बर्फात ठेवून, १० सेकंद चालू आणि २० सेकंद बंद या तालात. जास्त वेळ चालवलं तर हरितद्रव्याच्या पडद्यांचा चुरा होतो, तो सेंट्रिफ्यूजमध्येही खाली बसत नाही आणि द्रव निळ्याऐवजी मोरपंखी दिसतो.

शेवटी १०,००० जी वेगाने ४ अंशांना ३० मिनिटं फिरवा. वरचा निळा द्रव अलगद काढा, तळचा हिरवा गाळ हलू देऊ नका. ५० मिलीतून ४० ते ४२ मिली हाती लागतं, बाकी गाळ धरून ठेवतो.

मोजणं

द्रव इतका पातळ करा की ६२० नॅनोमीटरला शोषण १ च्या खाली येईल. चार वाचनं घ्या: २८०, ६२०, ६५२ आणि ७५०. शेवटचं गढूळपणासाठी. ते ०.०२ च्या वर असेल तर पुन्हा फिरवा, कारण गढूळ नमुना सगळीकडे खोटं शोषण दाखवतो. १९७३ पासून वापरात असलेलं बेनेट आणि बोगोराड यांचं समीकरण असं (अ६२० म्हणजे ६२० नॅनोमीटरचं शोषण):

फायकोसायनिन (मिग्रॅ/मिली) = [अ६२० − (०.४७४ × अ६५२)] ÷ ५.३४

उदाहरण घेऊ. ४० पट पातळ केलेल्या नमुन्यात अ६२० ०.८६०, अ६५२ ०.३९५ आणि अ२८० १.०५ आलं. तर (०.८६० − ०.१८७) ÷ ५.३४ = ०.१२६, ४० ने गुणून ५.०४ मिग्रॅ/मिली. द्रव ४२ मिली, म्हणजे एकूण २१२ मिग्रॅ. २ ग्रॅम पावडरीतून म्हणजे ग्रॅमला १०६ मिग्रॅ, साधारण १०.६ टक्के. हे चांगलं उत्पादन. ३ टक्क्यांच्या खाली आलं तर माल भाजलेला आहे किंवा पेशी फुटल्या नाहीत. कुठलं ते कळायला गाळाला एक थेंब बफर लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघा: मळसूत्री तंतू शाबूत दिसले तर फेरे वाढवा, नुसता चुरा दिसला तर माल बदला.

शुद्धता म्हणजे अ६२० भागिले अ२८०. वरच्या उदाहरणात ०.८२. खाण्याच्या रंगासाठी ०.७ पुरतं, प्रयोगशाळेच्या वापराला ३.९ आणि विश्लेषणाला ४ च्या वर लागतं. ०.८ शुद्धतेचा द्रव पेशींवर घालून 'फायकोसायनिनचा परिणाम' असा मथळा देणं बरोबर नाही. त्यातलं बहुतांश प्रथिन दुसरंच काही आहे.

शुद्ध करणं

अमोनियम सल्फेटने दोन टप्प्यांत साका पाडा. सगळं बर्फावर. दर १०० मिलीमागे आधी १३.४ ग्रॅम, म्हणजे ० ते २५ टक्के संपृक्तता. बारीक कुटलेलं मीठ अर्ध्या तासात चिमटी चिमटीने घाला आणि आधीची चिमटी विरघळल्याशिवाय पुढची नको. एकदम ओतलं तर जिथे पडतं तिथे तीव्रता वाढून नीळही साक्यात जाते. तासभर मंद ढवळा, १२,००० जी वर ३० मिनिटं फिरवा, हिरवट साका फेकून द्या. वरच्या निळ्या द्रवाचं आकारमान पुन्हा मोजा, आणि १०० मिलीमागे आणखी १४.६ ग्रॅम घाला. हे २५ ते ५० टक्के. रात्रभर ४ अंशांना ठेवून फिरवा. आता निळा साका हवा आणि वरचा द्रव फिका. वरचा द्रव अजून गडद असेल तर ६० टक्क्यांपर्यंत जा. मीठ घालताना पीएच उतरतो, तेव्हा मधूनमधून पट्टी बुडवून बघा.

साका ५ ते १० मिली, १० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेटमध्ये विरघळवा आणि १२–१४ किलोडाल्टनच्या डायलिसिस नळीत भरा. नळीचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडा. आत मीठ असल्याने पाणी खेचलं जातं आणि गच्च भरलेली नळी रात्रीत फुटते. शंभरपट बफरमध्ये, अंधारात, ४ अंशांना, २४ तासांत तीनदा बफर बदला. सल्फेट गेलं का ते बेरियम क्लोराइडने बघतात, पण बफरमध्ये फॉस्फेट असल्यामुळे नुसतं बेरियम घातलं तरी पांढरं होतंच. बाहेरच्या बफरचा नमुना आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने चांगला आंबट करा. बेरियम फॉस्फेट आम्लात विरघळतं, सल्फेट विरघळत नाही.

इथपर्यंत शुद्धता साधारण १.५ ते २.५ येते. ४ गाठायचं तर डीईएई स्तंभ (प्रथिनं विद्युतभारावरून वेगळी करणारा) लागतो: त्याच १० मिलिमोलर बफरमध्ये नीळ चढवा, धुवा आणि ० ते ०.४ मोलर सोडियम क्लोराइडच्या चढत्या तीव्रतेने २ मिलीचे भाग गोळा करा. प्रत्येक भागाचं गुणोत्तर काढा आणि ४ च्या वरचेच एकत्र करा. कडेचे भाग मोहात पडून मिसळू नका. त्यांत अॅलोफायकोसायनिन हे त्याचं भावंड प्रथिन असतं, आणि ते ६५२ च्या वाचनात लगेच दिसतं.

साठवताना सवयीने ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालू नका. ते पेशींचं श्वसन अडवतं, पुढची चाचणी वाया जाते. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, छोट्या कुप्यांत वाटा, उणे २० अंशांना अंधारात ठेवा. एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवू नका.

अंतर्विष

नीलहरित जिवाणू ग्रॅम-ऋण असतात. त्यांच्या बाह्य पडद्यात लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच अंतर्विष, असतं, आणि आपण पेशी फोडतो तेव्हा ते नीळेबरोबर बाहेर येतं. दाहाच्या चाचणीत आपण पेशींना डिवचायला वापरतो तेही ई. कोलायचं लिपोपॉलिसॅकराइडच. त्यामुळे मिसळलेलं अंतर्विष दोन्ही बाजूंनी फसवतं. कधी ते स्वतःच दाह पेटवतं. कधी उलट होतं: काही नीलहरित जिवाणूंचं लिपोपॉलिसॅकराइड, पेशी अंतर्विष ज्याने ओळखते त्या टीएलआर-४ ग्राहकावर जागा अडवून बसतं आणि ई. कोलायच्या रेणूंना शिरू देत नाही. मग नीळेने काहीच केलेलं नसताना सुंदर दाहशामक आलेख मिळतो.

ते काढायला ट्रायटन एक्स-११४ हा प्रयोगशाळेतला साबण चांगला. नमुन्यात २ टक्के घाला, अर्धा तास बर्फावर ढवळा, १० मिनिटं ३७ अंशांना ठेवा आणि कोमट असतानाच फिरवा. तळाला तेलासारखा थर जमतो. अंतर्विष त्यात जातं, वरचा निळा थर घ्या. तीन फेरे करा आणि उरलेला साबण पॉलिस्टायरिनच्या मण्यांनी शोषून घ्या. ३७ अंश नीळ सहज सोसते. काचेची भांडी २५० अंशांना ३० मिनिटं भाजा. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, अंतर्विष नाही. खात्रीसाठी अंतर्विष ओळखणारी एलएएल चाचणी करा, ती जेल गोठण्याची. रंगावर चालणाऱ्या प्रकारात आपली नीळ मध्ये येते.

कॉलेजातली अंड्याची चाचणी इथे का चालत नाही

अंड्याचं अल्ब्युमिन ०.२ मिली, पीएच ६.४ चा बफर २.८ मिली आणि नमुना २ मिली, ३७ अंशांना १५ मिनिटं, मग ७० अंशांना ५ मिनिटं, आणि ६६० नॅनोमीटरला गढूळपणा मोजायचा, तुलनेला डायक्लोफिनॅक. स्वस्त, सोपी, म्हणून सगळीकडे चालते. वनस्पतींच्या अर्कांनाही तिचा आधार लंगडाच आहे, पण फायकोसायनिनसाठी ती पुरती निकामी. ७० अंशांना अंड्याच्या आधी नीळच मोडते आणि तिचा स्वतःचा साका गढूळपणात भर घालतो. ६६० ला नीळ अजून बऱ्यापैकी शोषते. आणि कोरा नमुना न गरम केलेला घेतला तर वजाबाकी रंग उडालेल्या नमुन्यातून रंगीत नमुन्याची होते. उत्तर उणे येतं किंवा शंभराच्या वर जातं. रक्तपेशींच्या पडदा-स्थैर्य चाचणीतही ५६ अंशांची पायरी आणि ५६० चं वाचन, म्हणजे तोच घोळ.

चालणारी चाचणी

डिवचल्यावर भक्षकपेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, माध्यमात त्याचं नायट्राइट होतं, आणि तेच इथे मोजायचं. रॉ २६४.७ या उंदराच्या भक्षकपेशी, विसाव्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात पुन्हा लावण्याच्या फेऱ्याच्या) आतल्या. ९६ खणांच्या थाळीत खणाला ५०,००० पेशी, रात्रभर चिकटू द्या. दुसऱ्या दिवशी नीळ १०, २५, ५०, १०० आणि २५० मायक्रोग्रॅम/मिली, प्रत्येकी तीन खणांत. तासाभराने लिपोपॉलिसॅकराइड १०० नॅनोग्रॅम/मिली. मग २४ तास. वरच्या माध्यमाचे १०० मायक्रोलिटर तेवढ्याच ग्रीस अभिकर्मकात (नायट्राइटने रंगणाऱ्या) मिसळून १० मिनिटांनी ५४० ला वाचा. सोडियम नायट्राइटची १ ते १०० मायक्रोमोलरची प्रमाणरेषा त्याच माध्यमात काढा, पाण्यात नाही.

ग्रीसमधल्या फॉस्फोरिक आम्लात नीळ रंग बदलते आणि जास्त असेल तर गढूळ होते. त्यामुळे प्रत्येक मात्रेसाठी वेगळा कोरा खण हवा: तेच माध्यम, तीच नीळ, आणि अभिकर्मकातलं फक्त आम्ल. ही एक ओळ थाळीत नसेल तर मोठ्या मात्रांचे आकडे विसरा. एमटीटीने (जिवंत पेशी हा रंग फॉर्माझानमध्ये बदलतात) पेशी जिवंत आहेत का ते बघण्याआधी माध्यम काढून पेशी दोनदा धुवा. फॉर्माझानचं ५७० चं वाचनही नीळ चढवते. पेशी ९० टक्क्यांच्या खाली जिवंत असतील तर ती मात्रा गाळा. मेलेली पेशीही नायट्राइट बनवत नाही.

जोडीला हे चार खण ठेवा: डेक्सामिथासोन हे दाहशामक औषध १ मायक्रोमोलर, तितक्याच वजनाचं बोव्हाइन अल्ब्युमिन, म्हणजे कुठल्याही प्रथिनाने असं होतं का ते कळेल, ८० अंशांना १० मिनिटं मोडलेली नीळ, आणि फक्त नीळ, लिपोपॉलिसॅकराइडशिवाय. शेवटच्या खणात नायट्राइट वाढलं तर अंतर्विष गेलेलं नाही, मागे फिरा. मोडलेल्या नीळेनेही परिणाम दिला तर लगेच निराश होऊ नका. फायकोसायनिनला बिलिरुबिनसारखा दिसणारा फायकोसायनोबिलिन हा रंगकण जोडलेला असतो आणि काही काम तो एकटाही करू शकतो. पण मग मथळ्यात प्रथिनाचं श्रेय लिहू नका. नायट्राइटबरोबर टीएनएफ-अल्फा या दाहाच्या निरोप्या प्रथिनाचं एलायझा जमलं तर आवर्जून करा. ते प्रतिपिंडावर चालतं आणि खण धुतले जातात, त्यामुळे रंगाची अडचण उरत नाही.

मात्रा लिहिताना मायक्रोग्रॅममध्येच लिहा. नॅनोमोलर लिहायचंच असेल तर रेणुभार कोणता धरला ते सांगा. हे प्रथिन द्रावणात कधी अल्फा-बीटा जोडी, कधी तिची तिप्पट, कधी सहापट असं राहतं. वरचे १८० नॅनोमोलर ३७ किलोडाल्टनच्या जोडीने मोजले तर ६.७ मायक्रोग्रॅम/मिली होतात, आणि सहापटीने मोजले तर ४० मायक्रोग्रॅम/मिली.